सिस्टरची उमेदवारी

सिस्टर आमच्या ऑफिसात उमेदवारीला आली तेव्हा ती पंचेचाळीस वर्षांची होती आणि माझं तिच्याविषयीचं मत वाईट होतं. मत वाईट व्हायला मला फारसं कारण लागत नाही. या सॉलिसिटर ऑफिसात मी टायपिस्ट म्हणून लागले त्याला इतकी वर्षं झाली की साहेब आणि लोखंडी कपाटं सोडली तर इथे माझ्याहून जुनं काही नाही. उमेदवार मी पुष्कळ पाहिलेत. कायद्याची परीक्षा द्यायची, मग दोन वर्षं एखाद्या सॉलिसिटरच्या हाताखाली काढायची, आणि हा माणूस आता एकट्याने काम करायला लायक आहे असं प्रमाणपत्र त्याने सही करून दिलं की सुटायचं, असा तो प्रकार. बहुतेक जण कोवळे येतात, कोट नवा असतो, आणि पहिले काही महिने झेरॉक्सच्या मशीनशी भांडण्यात जातात. त्यात ही बाई आली. अर्धे केस पांढरे, पायात आवाज न करणारे बूट, आणि सारी उमर हॉस्पिटलात नर्स म्हणून गेलेली. मी साहेबांना म्हटलं, हिला शिकवून होईपर्यंत हिच्याच पेन्शनीचे कागद करायची वेळ येईल. साहेब म्हणाले, बघू. साहेब सगळ्यालाच बघू म्हणतात.

तिला नाव होतं, पण ते आठवडाभरच टिकलं. एका अशिलाला वाटणीचा मसुदा ऐकता ऐकता घेरी आली. आम्ही सगळे पाणी पाणी करत एकमेकांवर आपटत होतो, तेवढ्यात हिने त्याला जमिनीवर आडवा केला, पाय खुर्चीवर ठेवले, कॉलर सैल केली आणि खिडकी उघडून आम्हाला बाहेर काढलं. साहेबांनाही काढलं. त्या दिवसापासून ती सिस्टर झाली आणि मी तिला अगं-तुगं करायला लागले.

इतकं चांगलं चाललेलं काम सोडून ती या फंदात का पडली, हे तिने मला डबा खाताना सांगितलं. पाठ दुखत होती हे एक कारण. दुसरं म्हणजे, तिच्या वॉर्डातून एक म्हातारी मांडीचं हाड जोडून, चालती करून घरी पाठवली होती. चार दिवसांनी ती परत दारात, हातात पिशवी. दुखत-खुपत काही नव्हतं. ती हॉस्पिटलात असताना पुतण्याने घराचं कुलूप बदललं होतं, आणि कुठल्यातरी कागदावर तिचा अंगठा होता. सिस्टर डॉक्टरांकडे गेली, हॉस्पिटलच्या ऑफिसात गेली, जो तो म्हणाला हे आमच्याकडे येत नाही. “हाड जोडून दिलं आम्ही,” ती म्हणाली, “पण ते हाड घेऊन तिने राहायचं कुठे?” मग तिने संध्याकाळच्या कॉलेजात नाव घातलं. नवरा शाळेची प्रयोगशाळा सांभाळणारा, बोलायला कमी. आधी तो दोन दिवस गप्प होता, मग स्वयंपाक शिकला. पूर्वी चुकलं तर ही ओरडायची, आता नोटीस देते, एवढीच त्याची तक्रार.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. सिस्टर अशिलाला पेशंट म्हणायची. प्रत्येक भेटीनंतर जाऊन हात धुवायची. संध्याकाळी निघताना, उद्या ती स्वतः मेली तरी काम अडू नये अशा बेताने, कुठली फाइल कुठवर आली हे मला उभ्या उभ्या सांगून जायची. वॉर्डात पाळी बदलताना तसं सांगायचं असतं म्हणे. भेटीची टिपणं तर मी टाइप करता करता हसून खुर्चीवरून पडायची बाकी होते. “अशील शांत. दोनदा पाणी घेतले. धाकट्या भावाचा विषय निघताच चेहऱ्याचा रंग उतरला. जाताना बरे वाटत होते.” मी ते साहेबांना मुद्दाम नेऊन दाखवलं. त्यांनी दोनदा वाचलं आणि म्हणाले, राहू दे, रंग उतरला हे आपल्या कामाचं आहे. मी आपला कागद घेऊन परत आले.

साहेब तिच्यावर एकाच गोष्टीसाठी रागवायचे, ते तिच्या हातांसाठी. ते हात स्वस्थ बसायचे नाहीत. म्हातारं माणूस दिसलं की कोपर धरून बसवणार, चष्मा शोधून देणार, पान उलटून देणार, पेनाचं टोपण काढून देणार. एरवी ठीक, पण मृत्युपत्राच्या सहीला साहेबांचा नियम कडक. घरच्यांना खोलीबाहेर काढायचं. मजकूर वाचून दाखवायचा आणि तोच अशिलाकडून त्याच्या शब्दांत म्हणवून घ्यायचा. दोन्ही साक्षीदार समोर, आणि पेन एकदा टेबलावर ठेवलं की वकिलाचे हात स्वतःच्या मांडीवर. पेन पडलं तरी उचलायचं नाही. ते म्हणायचे, सही करणारा गेल्यावर लोक एवढंच विचारणार की सहीत हात किती जणांचे होते.

तिची दोन वर्षं संपत आली तेव्हा प्रमाणपत्र मीच टाइप करून साहेबांच्या खणात ठेवलं होतं. फक्त सही राहिली होती. आणि तेव्हाच पेंटरकाकांचं काम आलं.

पेंटरकाका म्हणजे आमच्या भागातल्या निम्म्या पाट्यांचे मालक. दवाखाना, खानावळ, शिंप्याचं दुकान, आमच्या ऑफिसची पाटीसुद्धा त्यांनीच रंगवलेली. अक्षर असं की माणूस आत काय मिळतं हे विसरून पाटीच बघत राहावा. सायकलच्या दुकानावर दोन खोल्या, अजून रंगाचा वास येणाऱ्या. बायको गेलेली. मुलगा दुसऱ्या शहरात गेला, तिथे दुसरं घर मांडलं आणि बायकोला काडीमोड देऊन मोकळा झाला. सून मात्र राहिली. बाबांना कोण बघणार, एवढंच म्हणाली म्हणे. पुढे काकांना कंपवात झाला. जे हात फूटपट्टीशिवाय सरळ रेघ ओढायचे ते पाण्याचा पेला धरू शकेनात, आणि तो पेला ती सून धरायची. मुलाने चार वर्षांत तोंड दाखवलं नव्हतं. काकांना मृत्युपत्र करून दोन्ही खोल्या सुनेच्या नावे करायच्या होत्या. ते राहिलं तर खोल्या मुलाकडे जाणार, आणि काडीमोड झालेल्या सुनेला तिथे थांबायला काडीचाही आधार नव्हता. हे काकांना कळत होतं. सिस्टरला तर फारच कळत होतं, पिशवी घेऊन दारात आलेली बाई तिने पाहिलेली होती.

सहीच्या दिवशी साहेबांची कोर्टातली सुनावणी लांबली. त्यांनी फोनवर सिस्टरला सांगितलं, तुम्हीच करा, आता यायला हवं तुम्हाला. मी एक साक्षीदार, दुसरा खालचा सायकलवाला. सुनेला बाजारात पाठवलं. सिस्टरने सगळं शिकवल्याबरहुकूम केलं. मजकूर वाचला, काकांकडून म्हणवून घेतला. काकांचं बोलणं स्वच्छ होतं, डोकं त्याहून स्वच्छ. मग पेन ठेवलं आणि सिस्टर हात मांडीवर घेऊन बसली.

काकांनी पेन उचललं, टेकवलं, आणि ते कागदावरून सरळ टेबलावर घसरलं. दुसऱ्यांदाही तसंच झालं. मी जादा प्रती नेल्या होत्या, त्यातली एक वाया गेली. सिस्टर म्हणाली, काका, अंगठा चालतो, नुसती खूण केली तरी कायद्याला पुरते. काकांनी तिच्याकडे असं पाहिलं की मीच मान खाली घातली. आयुष्यभर दुसऱ्यांची नावं रंगवली, ते म्हणाले, माझ्या नावापुढे अंगठा नाही येणार.

मग तिसऱ्यांदा पेन टेकलं. कपाळावर घाम, मनगट थडथडतंय, आणि मी बघत असताना सिस्टरचा हात मांडीवरून उठला आणि काकांच्या मनगटाखाली गेला. अलगद. वॉर्डात चमचा धरणाऱ्या हाताखाली जातो तसा. तिला कळलंही नसावं. मनगट स्थिर झालं आणि काकांनी सही केली, जुनी, पाटीवरच्यासारखी. काका स्वतःच ती बघून हसले. आम्ही साक्षीच्या सह्या केल्या, सायकलवाला चष्मा विसरला होता तो नाकाला कागद लावून, आणि निघालो.

जिन्याच्या वळणावर सिस्टर थांबली.

“बाई, मी हात लावला.”

“मनगटाला लावलास,” मी म्हटलं. “अक्षरं त्यांनी काढली.”

“उद्या कोर्टात तुम्हाला विचारलं तर काय सांगाल?”

मी म्हटलं, सांगेन नाही लावला. सायकलवाल्याला दिसलेलं नाही, काका तर खूश आहेत. झाकली मूठ सव्वा लाखाची. आता वर जाऊन सांगणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. खणातलं प्रमाणपत्र आठव, मी म्हटलं, मी माझ्या हाताने टाइप केलंय. आणि तेव्हा मला जे वाटत होतं तेच मी बोलले. आजही त्यात मला फार चूक दिसत नाही.

“आणि मला विचारलं तर?” ती म्हणाली.

ती वळून वर गेली. मी जिन्यातच उभी राहिले, पण दार उघडं होतं. ती म्हणाली, काका, आपल्याला हे पुन्हा करावं लागेल, माझा हात लागलाय. काकांना आधी कळेचना. कळलं तेव्हा त्यांनी खुर्ची भिंतीकडे फिरवली. चार वर्षांत अशी सही झाली नव्हती, आता होणार नाही, ती माझी आहे आणि तिला नावं ठेवायची असतील तर माझ्या घरात येऊ नकोस, असं म्हणाले. ती खाली आली तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले होते. तिच्याच भाषेत सांगायचं तर चेहऱ्याचा रंग उतरला होता.

दुपारी साहेब आले तशी ती त्यांच्या खोलीत गेली आणि मला म्हणाली, बाई, तुम्हीही या. तिने सगळं सांगितलं. साहेबांनी विचारलं, वरून धरलात की खालून? तिने त्यांचंच मनगट धरून दाखवलं. साहेब बराच वेळ आपल्या मनगटाकडे बघत राहिले.

“कदाचित टिकेलही,” ते म्हणाले. “पण हात कोणाचा हा प्रश्न निघाला, तर उत्तर द्यायला पेंटर नसेल.”

मग त्यांनी खण उघडला, प्रमाणपत्र काढलं, वाचलं आणि परत ठेवलं. सहा महिने आणखी, एवढंच म्हणाले. सिस्टरने मान डोलावली. मला इतका राग आला की साहेबांचा चहा मी आठवडाभर बिनसाखरेचा केला. त्यांनी तो मुकाट्याने प्यायला, म्हणजे त्यांनाही बरं वाटत नव्हतं.

खरी पंचाईत काकांची होती. साहेब स्वतः जाऊन आले, तर काका म्हणाले, एकदा केली आहे. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. सिस्टर दर दोन-तीन दिवसांनी जाई आणि दारातून परत येई. सुनेला कळेना काका हिच्यावर का चिडलेत, ती बिचारी हिलाच चहा विचारी, आणि अशिलाचं मृत्युपत्र गुपित, म्हणून हिला तिच्यापाशी एक अक्षर बोलायची मुभा नव्हती. तुमचं घर या सहीवर लटकलंय, हे जिच्यासाठी चाललंय तिलाच सांगता येत नाही. वॉर्डात नातेवाइकांना सगळं सांगायची सवय. मला म्हणाली, बाई, हे मला सहन होत नाही. मी म्हटलं, मग नर्सच राहायचं होतंस. ती रागावली नाही, विचारात पडली.

एके दिवशी मी तिच्याबरोबर गेले. दार काकांनीच उघडलं, सून घरात नव्हती. सिस्टर आत गेली नाही, उंबऱ्यावरच उभी राहून बोलली.

“काका, तुमच्या औषधांच्या कागदावर, बँकेत, चार वर्षांत सह्या कशा आहेत?”

“घाणेरड्या,” काका म्हणाले.

“मग तुमचा मुलगा ही सही बघून काय म्हणेल? म्हणेल, बाबांचा हात असा चालतच नव्हता. चांगली आहे, म्हणून ही त्यांची नाही.”

काका दाराला धरून उभे होते. हात थरथरत होता तसं दारही वाजत होतं. मी मनात म्हटलं, झालं, आता हे दार तोंडावर आपटणार. पण काका तिच्याकडे बघत होते, एखादा कारागीर दुसऱ्याने दाखवलेली वाकडी रेघ बघतो तसे.

“म्हणजे चांगली आहे हाच तिचा दोष,” ते म्हणाले.

“हो.”

“ये मग उद्या. पण या वेळी हात लावलास तर बघ.”

दुसऱ्या दिवशी तीच खोली, तेच आम्ही. सायकलवाल्याने चष्मा आणला होता. जुन्या कागदाला हात लावायचा नाही, नवा झाला की जुना आपोआप रद्द होतो, हे साहेबांनी बजावलं होतं. वाचून झालं, म्हणवून झालं, पेन ठेवलं. आणि या खेपेला सिस्टर हात मांडीवर घेऊन नाही बसली, हातांवरच बसली, शाळेतल्या पोरीसारखी, दोन्ही तळवे मांड्यांखाली.

किती वेळ गेला मी पाहिलं नाही. पेन घसरलं, थांबलं, पुन्हा टेकलं. मध्येच खाली पडलं आणि गडगडत कॉटखाली गेलं. मी उठायला लागले, तर सिस्टरने डोळ्यांनी मला बसवलं. काका खुर्चीवरून उतरले, गुडघ्यांवर टेकले आणि हात घालून पेन शोधू लागले. एक म्हातारा माणूस आपल्यासमोर जमिनीवर चाचपडतो आहे आणि आपण तिघं धडधाकट माणसं बसून बघतो आहोत. मला स्वतःची लाज वाटली, कायद्याचा राग आला, साहेबांचा तर फारच आला. सिस्टर रडत होती. पाणी हनुवटीपर्यंत आलं तरी तिने ते पुसलं नाही, कारण पुसायला हात काढावा लागला असता. काकांना पेन सापडलं. ते खुर्ची धरून उठले, धापा टाकत बसले आणि पुन्हा टेकवलं.

सही झाली. पहिलं अक्षर वर चढलेलं, मधलं तुटून दोन ठिकाणी पडलेलं, शेवटची रेघ कागदाच्या कडेपर्यंत वाहत गेलेली. पण नाव वाचता येत होतं.

“अशी पाटी मी कोणाला दिली नसती,” काका म्हणाले.

सिस्टरने तेव्हा हात सोडवले, पदराला पुसले आणि त्यांना पाण्याचा पेला धरला. साक्षीच्या सह्या झाल्यावरच धरला, हे मी मुद्दाम सांगते.

वाढवलेले सहा महिने तिने तोंडातून ब्र न काढता पुरे केले, आणि ते संपले तेव्हा साहेबांनी न मागता सही करून प्रमाणपत्र तिच्या टेबलावर ठेवलं. पण त्याच्या आधी, ते महिने सरत आले असतानाच, पेंटरकाका गेले. झोपेत गेले. सुनेने सकाळी पेला तोंडाशी नेला तेव्हा कळलं.

महिनाभराने मुलगा आमच्या ऑफिसात आला. साहेब बाहेर होते. चांगले कपडे, आवाज चढलेला, बापासारखे लांब हात. मृत्युपत्र बघायला आलोय म्हणाला, आणि बसायच्या आधीच सिस्टरला म्हणाला की तुम्ही नर्स होता असं ऐकलंय, आजारी माणसाचा हात धरून सही घेणं तुम्हाला अवघड नसेल. माझ्या जिभेवर जे आलं होतं ते मी गिळलं. सिस्टर शांतपणे म्हणाली, एकदा धरला होता, तो कागद रद्द आहे. ही दुसऱ्या वेळची, हिला कोणी हात लावलेला नाही, साक्षीदार इथेच बसल्या आहेत, विचारा. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, कोणीही नाही, पेन पडलं तेही त्यांनीच उचललं. खरं सांगताना माझा आवाज एवढा मोठा होतो हे मला तेव्हा कळलं.

तिने कागद त्याच्यासमोर ठेवला. तो वाचायला लागला, वरची पानं भराभर उलटली आणि शेवटच्या पानावर थांबला. त्याने बापाची सही लहानपणापासून पाटी-पाटीच्या कोपऱ्यात पाहिलेली असणार. मग त्याने बोट त्या वाहत गेलेल्या रेघेवर ठेवलं.

“इतका हात हलत होता त्यांचा?”

सिस्टरने त्याला सांगितलं. वॉर्डाबाहेर बाकावर बसलेल्या नातेवाइकांना सांगावं तसं, खुर्ची जवळ ओढून, हळू आवाजात. केव्हापासून हलत होता, कुठली औषधं होती, शेवटी शेवटी जेवण कसं भरवावं लागे आणि ते कोण भरवत असे. यात त्याला दोष देणारा एक शब्द नव्हता. माझ्यापाशी पुष्कळ होते, पण मला कोणी विचारलं नाही. तो ऐकत होता आणि नजर त्या सहीवरच होती.

जायला उठला तेव्हा आवाज उतरलेला होता. दारापाशी जाऊन तो पुन्हा वळला.

“ही एवढी सही करायला किती वेळ लागला बाबांना?”

“खूप लागला,” सिस्टर म्हणाली. “आम्ही थांबलो होतो.”

तो जिना उतरून गेला. कोर्टात हरकतीचा अर्ज त्याने केला नाही.